‘सांगितले 90 हजार, लावले 1 लाख 33 हजार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या ऑपरेशनला 90 हजार सांगितले, बिल 1,33,000 झालं, विमा कंपनीने 96,000 दिले, उरलेले 37,000 तुम्हाला खिशातून भरावे लागले. ही लूट आहे आणि ते पैसे परत करा, असं तुमचं म्हणणं. बिलाचा फोटो तुम्हीच टाकलाय, म्हणून आकड्यांबद्दल इथेच बोलतो. अंदाजातल्या दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांचा का झाला, याचं कारण डिस्चार्ज कार्डवर आहे. पेशंटची ती माहिती मी चारचौघांत लिहिणार नाही.

90 हजारांचा अंदाज ट्विन शेअरिंगचा, म्हणजे दोन पेशंटना मिळून एक खोली असा होता, रोज 3,000 रुपयांची खोली आणि दोन दिवस. ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही सिंगल रूम मागितलीत, रोज 4,500 रुपयांची. त्यात काही गैर नाही, रात्री आईजवळ थांबायचं तर शेजारच्या पेशंटचे चार नातेवाईक कुणाला हवे असतात? पण तेव्हा काउंटरवर नवा अंदाज काढला होता, 1,05,000 ते 1,35,000, आणि त्यावर तुमची सही आहे. रिव्ह्यूत त्या कागदाचा उल्लेख राहून गेलाय.

आता 37,000. तुमची पॉलिसी 3 लाखांची, आणि तिच्यात खोलीभाड्याला रोज 1 टक्क्याची मर्यादा, म्हणजे 3,000 रुपये. बहुतेकांना वाटतं, फार तर रोजचे वरचे 1,500 आपल्याला भरावे लागतील, चार दिवसांचे 6,000. तसं नसतं. 4,500 पैकी 3,000 मान्य, म्हणजे दोन तृतीयांश. मग कंपनी सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग या सगळ्याचेही दोन तृतीयांशच देते. याला ते प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. तुमच्या बिलात हे सगळं मिळून 72,000 होतं. 48,000 मंजूर झाले, 24,000 कापले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही आणि तुमच्या बाबतीत लावलेली नाही. मात्र मास्क, डायपर, थर्मामीटर असल्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत, त्याचे 7,000 गेले. 6,000, 24,000 आणि 7,000. झाले 37,000. यातला एक रुपयाही आमच्याकडे जास्तीचा आलेला नाही. कंपनीने न दिलेला तो तुमच्याकडून आला.

तुम्ही विचारलंय, ‘रूम बदलली म्हणून सर्जनचा हात बदलतो का?’ नाही बदलत. प्रश्न रास्त आहे. ट्विनमध्ये जे ऑपरेशन 54,000 ला होतं, त्याचे सिंगलमध्ये 63,000 होतात. जनरल वॉर्डातल्या पेशंटला त्याहून स्वस्त पडतं, आणि तो खर्च वरच्या खोल्यांमधून भरून निघतो. पुण्यात कर्वे रोडपासून हडपसरपर्यंत बहुतेक खाजगी हॉस्पिटलं असंच चालतात. मला स्वतःला ही पद्धत फारशी पटत नाही, पण ती मोडली तर सर्वांत आधी जनरल वॉर्डाचे दर वाढतील, म्हणून ती चालू ठेवली आहे. दर लपवलेले नाहीत. राज्याच्या 2021 च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आमच्याकडे ती रिसेप्शनच्या डाव्या भिंतीवर आहे, खोलीनिहाय दरांसकट. (तिच्यासमोर उभं राहून लोक मोबाइल चार्ज करतात, तो भाग वेगळा.)

खोलीवर जीएसटी घेतला, हेही तुम्ही लिहिलंय. घेतलेला नाही, बिलात पुन्हा बघा. जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे तो रोज 5,000 च्या वरच्या खोलीला, आयसीयू वगळून. गरिबांसाठीच्या राखीव खाटांबद्दल विचाराल, तर तो नियम धर्मादाय न्यासाच्या (ट्रस्टच्या) हॉस्पिटलांना लागू आहे. आमचं 30 बेडचं खाजगी हॉस्पिटल ट्रस्टचं नाही.

डिस्चार्ज सकाळी 10 ला सांगितला आणि तुम्ही साडेचारला बाहेर पडलात, हे खरं. न वापरलेली इंजेक्शनं वॉर्डातून फार्मसीत परत जातात, त्यांचे पैसे वजा होतात, तेव्हा फायनल बिल निघतं. तुमचे 2,180 रुपये असेच वजा झालेत, बिलाच्या तिसऱ्या पानावर ‘रिटर्न’ म्हणून. आमची फाइल 11:40 ला कंपनीला गेली, मंजुरी आली 3:50 ला. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे ती तीन तासांत यायला हवी. त्या उशिरासाठी आम्ही खोलीचं भाडं लावलेलं नाही. जाब विचारायचा तर कंपनीला विचारा, दोन्ही ई-मेल वेळेसकट तुम्हाला देतो.

37,000 परत करता येणार नाहीत. कपात चुकीची वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, आणि तिथे वकील लागत नाही. आमच्या दरांबद्दल तक्रार असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात जा. केसपेपरची प्रत मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागते, ती मिळेल.

त्याआधी समोरासमोर बसायची तयारी असेल तर सोमवार ते शुक्रवार दुपारी 12 नंतर या. सही केलेला अंदाज, पूर्ण बिल आणि कंपनीचं सेटलमेंट लेटर (किती मंजूर, किती कापले ते सांगणारं पत्र) आणा. ते लेटर बहुधा ई-मेलवर आलेलं असतं. प्रिंट नसेल तर काउंटरवर काढून देतील.

– संचालक