आईंना केंद्रात का ठेवलं, असं विचारणाऱ्यांसाठी

‘अगं, घरात धडधाकट माणसं असताना आईंना बाहेर कशाला ठेवलंत?’ लग्नात, बारशाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे विचारून झालंय. दरवेळी तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना अल्झायमर आहे, म्हणून अशा पेशंटना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवलंय. ‘वय झालं की होतंच’ त्यातली ही गोष्ट नाही. उभा जन्म सकाळचा चहा करणारी बाई ओट्याशी उभी राहून आधी पाणी की आधी साखर इथे अडते आणि रिकामं पातेलं गॅसवर तापत राहतं, तेव्हा तो विसराळूपणा राहिलेला नसतो. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याचा, एक प्रकार. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे ८८ लाख माणसं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये कुणीतरी असेल, घरच्यांनी त्यांना खाली आणणं बंद केलं असेल इतकंच.

शंका आली की आधी डॉक्टर गाठा, कारण कधी कधी निघतं भलतंच. बी१२ कमी, थायरॉइड, नैराश्य, एखादी चालू गोळी, नाहीतर पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारू शकतं. अल्झायमरच निघाला तर डोनेपेझिल, मेमँटिनसारख्या गोळ्यांनी काहींना थोडा काळ आधार मिळतो, आजार मागे फिरत नाही. डिमेन्शियाचा प्रकार कोणता, हेही डॉक्टरांना विचाराच. लेवी बॉडी प्रकार असेल तर भास आवरायला दिलेल्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने पेशंट फार बिघडू शकतो. आणि काल बरं असलेलं माणूस आज एकदम बरळायला लागलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून हातावर हात धरून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा साधा लघवीचा संसर्ग असतो.

आता मूळ प्रश्न.

माझे दीर परदेशात असतात. रविवारी व्हिडिओ कॉल. आई पदर सारखा करून बसायच्या आणि दहा मिनिटं झकास बोलायच्या. ‘हो का? छान. जेवलास का? पोरं काय म्हणतात?’ कुठेही खपेल अशी वाक्यं. पोरांची नावं मात्र एकदाही नाहीत. दिरांचं मत, आई ठणठणीत आहे, तुम्ही उगाच बाऊ करता. फोन ठेवला की आई मला विचारायच्या, ‘ते गृहस्थ कोण होते गं?’ लांबच्या नातेवाइकांना आजार दिसतच नाही, कारण हा आजार पाहुण्यांसमोर शहाण्यासारखा वागतो.

तो दिसतो संध्याकाळी. दिवेलागणीला आई पिशवी भरायच्या. त्यात एक ब्लाउज, देव्हाऱ्यातली घंटा, अर्धा पाव. ‘मला घरी जायचंय, चिपळूणची एसटी चुकेल.’ हेच तुमचं घर आहे, असं सांगणाऱ्याला त्या शत्रू समजायच्या. ‘गाडीला अजून वेळ आहे, तोवर चहा घेऊ’ म्हटलं की बसायच्या. वाद घालून या आजारात कुणी जिंकत नाही. पाटल्या चोरल्याचा आळ माझ्यावर आला तेव्हाही मी शपथा घेतल्या नाहीत, ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हटलं. तांदळाच्या डब्यात निघाल्या.

मग ब्युरोतून बाई ठेवली. चोवीस तासांची. पहिली महिनाभर टिकली, दुसरी गावी गेली ती गेलीच, तिसरी मोबाइलमधून डोकं वर काढेना. दर थोड्या दिवसांनी एक अनोळखी बाई घरात येते आणि तुमचं लुगडं सोडायला लागते, हे आईंच्या जागी बसून बघा. ओरडणार नाहीतर काय? आपल्याला वाटतं घर म्हणजे त्याच भिंती, तीच खिडकी. आईंना भिंती कधीच ओळखू येईनाशा झाल्या होत्या. ओळख उरली होती ती आवाजाची, हाताची. तेच हात रोज मिळतील अशी जागा हवी होती, आणि घरी मला रात्रपाळी करून दिवसा बँकेत कॅशवर बसणं जमेना.

जागा शोधणंही सोपं नाही. बहुतेक वृद्धाश्रमांची अटच असते, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. डिमेन्शिया घेणारी केंद्रं मोजकी आणि महाग. बघायला जाल तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा भजन चालू असतं आणि सगळे पावडर लावून बसलेले असतात. संध्याकाळी सहाला जा. कुणी खुर्चीला बांधलंय का, सगळेच पेंगतायत का, हे बघा. रात्री किती माणसांमागे एक जण जागा असतो आणि इथली सगळ्यात जुनी मावशी किती वर्षांपासून कामाला आहे, हे विचारा. एका चकचकीत ठिकाणी मॅनेजरला हा प्रश्नच कळला नाही. आम्ही घेतलेल्या जागेचा रंग उडालाय, पण तिथल्या ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘आजींना हाक काय मारायची? चहात साखर किती?’ न कळवता कधीही भेटायला येता येईल ना, हे आधीच पक्कं करा. आणि डिपॉझिटचं लेखी घ्या.

एक गोष्ट मात्र निदान होताच उरका, बँकेची. माणसाची समज गेली की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्र आपल्या कायद्यात टिकत नाही, मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी. सही कळतेय तोवर खातं जॉइंट करा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. कुणाला विचारावं ते सुचत नसेल तर ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.

आमच्याकडे आता खर्चाचे दोन सरळ भाग झालेत, अर्धा आम्ही, अर्धा दीर. ते सुखासुखी तयार झाले नाहीत. गेल्या दिवाळीत ते आले तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम गावी गेलो आणि आठवडाभर आईंना त्यांच्यावर सोपवलं. चौथ्या दिवशी फोन आला, ‘वहिनी, केंद्राचा अकाउंट नंबर पाठव.’