ओ-नऊ

आमच्याकडे सगळ्या टीमना मिळून एकच मेकफाइल (प्रोग्राम कसा तयार करायचा त्या सूचनांची फाइल) आहे. सामाईक. म्हणजे बिघडली की सगळ्यांची, आणि दुरुस्तीची वेळ आली की कुणाचीच नाही. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं सॉफ्टवेअर) बदलून जीसीसी १४, म्हणजे जीसीसी या कंपायलरची चौदावी आवृत्ती, घ्यायचं ठरलं त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो होतो. तीच माझी संमती धरली गेली.

फाइल उघडली तर फ्लॅगांची, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांची, ही लांबलचक रांग! मध्येच एक कॉमेंट : 'काढू नका.' का, ते लिहिलेलं नाही. लिहिणारा नोकरी सोडून कधीच गेला. त्या कॉमेंटखाली एक विशिष्ट वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग होता. गंमत म्हणजे त्या नावाची वॉर्निंग आता जीसीसीत उरलेलीच नाही. पण एरवी जीसीसी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कोडमध्ये दुसरी काही खोट निघाली, की मग मात्र सुनावतं, 'आणि हो, हा फ्लॅगही माझ्या ओळखीचा नाही.' भांडण लागेपर्यंत जुनं मनात ठेवणारी माणसं मी पाहिली होती. कंपायलर पहिल्यांदाच पाहिला.

मग बिल्ड चालवलं, म्हणजे कोडचा प्रोग्राम करायला घेतला, आणि एररचा पाऊस पडला. आधी डिक्लेअर न करता फंक्शन वापरायची मुभा सी भाषेनं १९९९ च्या मानकातच काढून घेतली होती. तरी जीसीसी २०२४ पर्यंत, म्हणजे ही चौदावी आवृत्ती येईपर्यंत, नुसती वॉर्निंग देऊन सोडून देत होतं. एवढी पंचवीस वर्षांची मुदत मिळूनही सगळ्या टीमचा एकच सूर : 'आधी कळवायला हवं होतं.' शेवटी कुणीतरी 'एफ-परमिसिव्ह' घातला, एररच्या पुन्हा वॉर्निंग झाल्या, सगळे जेवायला गेले. मी फाइल साफ करायला बसलो होतो. फ्लॅग एकाने वाढला.

उरला 'ओ-९'. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याची, पातळी नऊ! जीसीसीत तीनच्या वर काही नाही. नऊ लिहा, नव्वद लिहा, ते निमूटपणे तीनच समजतं. मी नवाचे तीन केले. इतका निरुपद्रवी बदल मी आयुष्यात केला नव्हता.

दुपारी एका टीमचा निरोप आला : 'प्रोग्राम मंदावलाय. तुम्ही ऑप्टिमायझेशन एक तृतीयांश केलंय.'

मी दोन्ही बिल्ड बाइटला बाइट लावून ताडून पाहिली. एका बिटाचाही फरक नव्हता. पुरावा पाठवला. उत्तर आलं, 'तसं असेल हो, पण वापरताना जाणवतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीनचे पुन्हा नऊ केले. तासाभरात आभाराचा मेल आला. फरक लगेच जाणवला म्हणे. आणि खाली, भीत भीत, एक विचारणा : बारा करता येतील का?