एम.एस्सी. झालीस, आता वॉर्ड सोडणार ना?

परवा रात्री साडेदहाला फोन आला. आमच्याच हॉस्पिटलातली मुलगी, मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स, लागून चार वर्षं झाली. "ताई, एम.एस्सी.ला नंबर लागतोय, पण मानसोपचार मिळतंय. घेऊ का सोडू? घरचे नको म्हणतात. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, प्रवेशाच्या पुढच्या राउंडला थांब, मेडिकल-सर्जिकल मिळेल."

सकाळी ड्युटीवर जाता जाता पाच मिनिटं बोलले तिच्याशी, पण पाच मिनिटांत काय सांगणार? म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तिच्यासारख्या अजून कितीतरी जणी सध्या याच विचारात असतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. त्याला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (पदविकेनंतर करतात ती) किमान ५५ टक्क्यांनी लागतं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, वर्षभराचा अनुभव लागतो. विषय पाच: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, कम्युनिटी आणि मानसिक आरोग्य. बहुतेकींच्या पसंतीच्या यादीत मानसिक आरोग्य सगळ्यात खाली असतं. बाकी काही मिळालं नाही की घेतात.

मी मात्र तो पहिला भरला होता. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका, मग दहा वर्षं वॉर्ड, मग पोस्ट बेसिक, मग हे. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना हळूच म्हणाल्या, "अगं, तिथल्या माणसांचं वारं लागतं म्हणतात." त्यांचाही दोष नाही. पुण्याकडे एखाद्याला वेडा म्हणायचं तर "येरवड्याला पाठवा", मुंबईकडे "ठाण्याला पाठवा". येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी आपल्या राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि त्यातल्या गावांची नावं आपण शिवी म्हणून वापरत आलो. तिथे चोवीस तास पेशंटजवळ कोण असतं, हे कोणी विचारत नाही. डॉक्टर राउंडला येतात, सायकॉलॉजिस्ट ठरलेल्या वेळी येतात. रात्री तीन वाजता घाबरून उठलेल्या बाईजवळ सिस्टर असते.

तर या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात? पुस्तकातलं सगळं सांगत बसत नाही. मला घडवलं ते प्रोसेस रेकॉर्डिंगने, त्याबद्दल सांगते. पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढायचं. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात पेशंट काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं आणि त्यातून मला काय कळलं. हे लिहायला बसलं की स्वतःचं बोलणं पहिल्यांदा समोर दिसतं.

पोस्टिंगला एक मावशी होत्या (ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे). पन्नाशीच्या, कितीतरी वर्षं वॉर्डातच. कोणाशी बोलायच्या नाहीत. खिडकीजवळ बसून पांघरुणाच्या काठाचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायच्या, उलगडायच्या, परत गुंडाळायच्या. मी रोज जाऊन विचारायचे. जेवलात का? झोप लागली का? घरी कोण असतं? गाव कुठलं? त्या एखाद्या वेळी "हं" म्हणायच्या. माझ्या वहीत दुसरा रकाना गच्च भरलेला, पहिला जवळजवळ रिकामा. आमच्या गाईड मॅडमनी लाल पेनाने समासात एवढंच लिहिलं: "सहा प्रश्न ओळीने. उत्तर द्यायला तिला किती वेळ दिलास?"

त्या रात्री होस्टेलवर ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी गेले आणि नुसती बसले. विचारलं काही नाही. शेजारी स्टूल घेऊन वीस मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. हात सारखे काहीतरी करायला शोधतात. तो दिवस गेला, पुढचाही गेला. तिसऱ्या दिवशी मावशी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "दोरा संपला."

मी इन्चार्जना विचारून ऑक्युपेशनल थेरपीतून लोकरीचा गुंडा आणला आणि त्यांच्याजवळच बसून राहिले. लोकर गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेला विणता येतं." केस पेपरवर इतकी वर्षं 'नातेवाईक: माहिती नाही' असं लिहिलेलं होतं. त्यांना सून आहे, म्हणजे मुलगा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी लगेच सोशल वर्करना सांगितलं. पुढे बरंच झालं, काही चांगलं, काही नाही. पण ती सुरुवात दोऱ्यापासून झाली.

हे कौशल्य आहे. "बोलायचंच तर काम, त्याला काय शिकायचं" असं मी आमच्याच लोकांकडून ऐकलंय. इंजेक्शन देणं जसं शिकावं लागतं, तसं गप्प बसणंही शिकावं लागतं, कोणीतरी शेजारी उभं राहून चूक दाखवावी लागते.

बाकीचंही असतंच. ईसीटीच्या सकाळी, म्हणजे लोक ज्याला 'शॉक' म्हणतात त्याच्या आधी, पेशंट उपाशी आहे ना पाहायचं, कवळी, बांगड्या, केसातल्या पिना काढायच्या, लघवीला नेऊन आणायचं. नंतर कुशीवर वळवून श्वास पाहत बसायचं, आणि डोळे उघडले की पहिल्यांदा सांगायचं: तुमचं नाव हे, आज मंगळवार, तुम्ही दवाखान्यात आहात, मी तुमच्याजवळ आहे. सिनेमातला शॉक डोक्यात असलेल्या सगळ्यांसाठी सांगते, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देणं कायद्याने बंद आहे. लिथियम या मूड सांभाळणाऱ्या औषधावरचा पेशंट मे महिन्यात जुलाब लागून आला, हात थरथरताहेत, पाय अडखळताहेत, तर ते नुसतं ऊन लागलेलं नसू शकतं. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी चढते. हे सगळ्यात आधी सिस्टरच्या लक्षात आलं पाहिजे, कारण पेशंटला आधी तीच बघते.

आणि कायदा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आम्ही कलमवार वाचला. साखळदंडाने बांधणं पूर्ण बंद. बाकी कशाने बांधायचं तरी तात्काळ धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ आणि नोंद ठेवून. कायद्याचा हा भाग वाचताना आमच्या वर्गात एरवाडीचा विषय निघाला. तमिळनाडूतल्या या गावात मनोरुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, साखळीने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले. त्यानंतर मी कुठल्याही वॉर्डात "पेशंट फार त्रास देतोय, बांधा" हे वाक्य ऐकलं की आधी जाऊन त्याला तहान लागलीय का, लघवी तुंबलीय का, ताप आहे का, हे बघते.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती.

आमच्या बॅचच्या आठजणींपैकी सहा आज नर्सिंग कॉलेजात शिकवतात. एक परदेशी गेली. वॉर्डात मी एकटी. ज्या शिकवतात त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, त्यांच्याशिवाय पुढच्या मुली घडणार कशा? पण जिने दोन वर्षं पेशंटशेजारी बसणं शिकून घेतलं, तिच्यासाठी पेशंटशेजारी जागाच नाही. अभ्यासक्रमातही नर्सिंग एज्युकेशन आणि मॅनेजमेंट हे पूर्ण विषय आहेत, जणू पास झाल्यावर फळ्यासमोर किंवा टेबलामागे जायचं हे ठरलेलंच. एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी पहिला प्रश्न आला तो हाच: "झालीस ना? आता वॉर्ड सोडणार ना?"

मी सोडला नाही. स्टडी लीव्ह संपवून परत हजर झाले, जादा शिक्षणाची नोंद करून कागद फाईलला लावले. पोस्टिंग आलं अस्थिरोग वॉर्डला. प्लास्टर, ट्रॅक्शन, ड्रेसिंग. त्या कामाला मी कधी कमी लेखलं नाही, दहा वर्षं तेच केलंय. पण वरच्या मजल्यावर मानसोपचार वॉर्ड होता आणि तिथे त्या विषयाचं शिक्षण घेतलेली एकही सिस्टर नव्हती. तीन अर्ज केले. उत्तर आलं, "आवश्यकतेनुसार विचार केला जाईल." चौदा महिने गेले. आता दोन वर्षं मी त्या वॉर्डात आहे, पण स्टाफ नर्स म्हणूनच. पुढच्या बदलीत मला कुठेही टाकू शकतात, कारण या शिक्षणासाठीची अशी मंजूर जागाच आमच्याकडे नाही.

गंमत नाही, दुःख वाटतं. २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य परिचारिका' अशी व्याख्या आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आलं होतं, आमचं नाव कायद्यात आहे म्हणून. मग नीट वाचलं. मानसोपचार नर्सिंगची पदवी किंवा पदविका चालते, आणि जनरल नर्सिंगचीही चालते. मनुष्यबळ इतकं कमी आहे की दार मोठं ठेवावं लागलं असेल, हे मी समजू शकते. पण मग प्रशासनाने वेगळी जागा का काढावी?

गरज नाही असं कोणी म्हणू नये. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर १० प्रौढांमागे साधारण एकाला उपचार लागावेत असा मानसिक त्रास आढळला होता, आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. हे लोक मनोरुग्णालयात येत नाहीत. ते आपल्या मेडिसिन वॉर्डात येतात. दारू अचानक तुटली म्हणून तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसणारा माणूस, ज्याला सगळे "नाटकं करतोय" म्हणतात. बाळंतपणानंतर आठ दिवस न झोपलेली मुलगी. आणि 'औषध प्यायलेली' पोरं. आमच्या भागात औषध प्यायला म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. जिवावरचं टळतं, रंग परत येतो, आणि मग पलंगाभोवती सगळे सुरू होतात: आईबापाचा विचार नाही केलास का रे? त्यात आपणही असतो. चार दिवसांनी डिस्चार्ज. तुला अजूनही जगू नये असं वाटतं का, हे त्याला एकदाही कोणी विचारलेलं नसतं.

विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट विचारल्यावर माणूस रडतो, आणि बोलतो. कायदाही आता अशा माणसाला गुन्हेगार न धरता तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानतो. त्या पलंगाजवळ ती काळजी कोण घेणार? तिथे शिकलेली सिस्टर हवी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एक, जिचं कामच हे असेल, जिची दर सहा महिन्यांनी बदली होणार नाही, आणि जिने लिहिलेली नोंद डॉक्टर राउंडला वाचतील. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी प्रत्येक मीटिंगमध्ये मांडत राहणार.

ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य ही नर्सिंगची नोंदणीपासूनच स्वतंत्र शाखा आहे. दुसऱ्या विषयाचे पदवीधरही तिथे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून थेट मानसिक आरोग्य नर्स होऊ शकतात. मला आपली पद्धत वाईट वाटत नाही. आधी सगळं नर्सिंग, मग हे. एखादी आजी अचानक बरळायला लागली तर तिचं सोडियम, तिची शुगर आधी आठवते, ती वॉर्डातल्या दहा वर्षांमुळे. पण ब्रिटनमध्ये हे शिकलेली नर्स मानसोपचाराच्याच कामाला लागते. आपल्याकडे ते नशिबावर.

तर बाई माझे, आता तुझं. घे. पण कॉलेज बघून घे. त्यांच्या हॉस्पिटलात स्वतःचा मानसोपचार वॉर्ड आहे का, की चार आठवडे बसने कुठेतरी पाठवतात, हे आताच तिथे शिकणाऱ्या मुलींना विचार. गाईड स्वतः वॉर्डात येतात का, हे विचार. दोन वर्षं जमणार नसतील तर वर्षाची पदविकाही आहे, तीही पेशंटजवळचीच आहे. आणि डिझर्टेशनला कृपा करून 'अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' घेऊ नकोस. प्री-टेस्ट, एक लेक्चर, आठ दिवसांनी पोस्ट-टेस्ट, असे प्रबंध कपाटं भरून पडलेत. तुझ्या मेडिसिन वॉर्डातली ती पोरं डिस्चार्जनंतर कुठे जातात, ते शोध. तुला तो प्रश्न आधीच पडलाय, फोनवर तूच म्हणालीस, "ताई, तो सतरा नंबरचा परत आला."

त्या सतरा नंबरजवळ आज रात्री स्टूल घेऊन बस. बाकी काही नको विचारूस, झोप येत नाही का, एवढंच विचार आणि थांब. काही वेगळं बोलला तर डॉक्टरांना लगेच कळव, नोंद कर, आणि त्याला एकटं सोडू नकोस. घरी जाताना त्याच्या आईला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दे, कधीही लागतो आणि मराठीत बोलतात. माझी उद्या मॉर्निंग आहे. दोननंतर वर ये, तो काय म्हणाला ते तीन रकान्यांत लिहून आण.