टेक्सासची वीज आणि कोथरूडचा सल्ला

पुण्यातला माणूस जन्मभर एकाच वीज कंपनीला शिव्या घालतो आणि त्यात त्याचं छान भागतं. गुरुवारी लाइट गेले की नेमका राग कुणावर काढायचा, हा प्रश्नच पडत नाही. पण पोरं टेक्सासला, डॅलसच्या बाजूला प्लॅनो नाहीतर फ्रिस्कोला राहायला गेली, आणि अपार्टमेंटची किल्ली हातात पडायच्या आत त्यांना 'वीज कुणाची घेताय?' असं विचारण्यात आलं, की फॅमिली ग्रुपवर मार्गदर्शन करण्याची जबाबदारी ओघानेच कोथरूडवर येते. तिकडे 2002 पासून घरगुती विजेचा बाजार खुला आहे आणि शंभराहून अधिक कंपन्या गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या आहेत. तेव्हा सल्ला द्यायचाच, तर पुढीलप्रमाणे द्यावा.

या कंपन्यांच्या मालकीचा एकही खांब नसतो, हे पोरांना आधी कळू देऊ नका. डॅलसकडे तारा आणि मीटर ऑनकॉर नावाच्या तारवाल्या कंपनीचे, ह्यूस्टनला सेंटरपॉइंटचे. कंपनी कुठलीही घ्या, वीज त्याच तारेतून येणार आणि तारवाल्याचा वहन आकार शेजाऱ्याइतकाच लागणार. एकाच डेअरीचं दूध, फक्त पिशव्यांवर शंभर नावं. 'शंभर टक्के हरित' असं छापलेली पिशवी घेतली तरी आत तेच दूध असतं; कंपनी तेवढ्या युनिटांची हरित प्रमाणपत्रं, म्हणजे कुठेतरी तेवढी हरित वीज तयार झाल्याचे दाखले, विकत घेते, इतकंच. (ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोला घर घेतलं तर हा सगळा आनंद हुकतो. तिथे वीज शहराचीच, निवड वगैरे काही नाही. बिचारे.)

आता निवड. राज्य सरकारचीच 'पॉवर टू चूज' नावाची वेबसाइट आहे. पिनकोड टाकला की योजनांची लांबलचक यादी येते. युनिटाचा दर महिना 1000 युनिटांचा वापर धरून दाखवलेला असतो. सगळ्यात स्वस्त योजना घ्या आणि लॅपटॉप मिटा. प्रत्येक योजनेसोबत 'इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल' नावाचा कागद असतो, त्यात 500, 1000 आणि 2000 युनिटांचे सरासरी दर शेजारी शेजारी दिलेले असतात. तो उघडू नका. उघडलात तर उगाच शंका येईल की मधलाच आकडा एवढा खाली का.

तो खाली असतो कारण योजना त्या आकड्यासाठीच शिवलेली असते. धरा, तारांच्या खर्चासकट दर 20 सेंट, आणि वापर 1000 युनिट किंवा जास्त झाला तर बिलातून 120 डॉलर वजा. 1000 युनिटांचं बिल 80 डॉलर, म्हणजे जाहिरातीत 8 सेंट. 999 युनिटांचं बिल 199 डॉलर 80 सेंट. एका युनिटाने 119 डॉलर 80 सेंटचा फरक. 500 युनिटांना सरळ 20 सेंट पडतात, 2000 ला 14. शेजारच्या साध्यासुध्या 13 सेंटच्या एकाच दराच्या योजनेकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण यादीत ती बरीच खाली असते.

इथेच पुणेरी वळण आड येतं. आपल्याकडे 100 युनिट ओलांडले की दर चढतो, 300 ओलांडले की आणखी चढतो, म्हणून आपण पोरांना लहानपणापासून खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायला शिकवलं. ते विसरायला लावा. ऑक्टोबरात तिकडे हवा बरी असते, एसी फारसा लागत नाही, वापर येतो 870 युनिट आणि बिल 174 डॉलर. आणखी 130 युनिट जाळले असते तर 80 डॉलरमध्ये भागलं असतं. तेव्हा दीड किलोवॉटचा हीटर सुमारे 87 तास चालू ठेवावा. घर तापलं तर एसी लावावा, तेवढेच युनिट लवकर भरतात. मात्र महिनाअखेर धरून हिशेब करू नका. बिलाचा महिना मीटर रीडिंगच्या तारखेला संपतो, आणि तो कधी 29 दिवसांचा असतो, कधी 32. स्मार्ट मीटरवरच्या वापराचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे ऑनलाइन बघायला मिळतात. शेवटच्या आठवड्यात ते काम रिटायर्ड बाबांकडे द्यावं. सासवडच्या शेतातल्या पंपाचा मीटर ज्यांनी सांभाळला, त्यांना हे काही जड नाही.

'रात्री वीज फुकट' ही योजनाही उत्तम. रात्री नऊ ते सकाळी सहा युनिटाला शून्य, आणि टेक्सासच्या जुलैत दुपारी एसी घरघरत असतो तेव्हा चढा दर. उपाय सोपा आहे: दिवसा घरात राहू नये. वॉशिंग मशीन, ड्रायर, इडलीचं पीठ, सगळं रात्री नऊनंतर. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसात, त्यामुळे आजी व्हिडिओ कॉलवरून पिठावर लक्ष ठेवू शकते.

घाऊक बाजाराच्या दराने वीज देणारी ग्रिडी नावाची कंपनीही होती, महिना 9 डॉलर 99 सेंट वर्गणीत. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात घाऊक दर काही दिवस 9000 डॉलर प्रति मेगावॉट तास, म्हणजे युनिटाला 9 डॉलर होता. लोकांना हजारो डॉलरची बिलं आली, पुढच्या महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि राज्याने घरगुती ग्राहकांसाठी असल्या योजनांवर कायद्यानेच बंदी घातली. एक पर्याय कमी झाला, याची हळहळ वाटलीच पाहिजे.

करार संपत आल्याचं पत्र येतं, ते पिझ्झाच्या जाहिरातींसोबत टाकून द्या. शेवटच्या चौदा दिवसांत दंडाशिवाय कंपनी बदलता येते, पण ते कशाला लक्षात ठेवायचं? न बदलल्यास दर महिन्याला कंपनी ठरवेल तो बदलता दर लागतो. त्या चौदा दिवसांच्या आधी करार मोडला तर दंड, साधारण 150 डॉलर किंवा वर. घर बदललं आणि पुरावा दिला तर दंड माफ, म्हणून काही जण योजना बदलण्यापेक्षा घरच बदलत असतील तर नवल नाही.

इकडच्यांनी मनाला लावून घेऊ नये. आपल्याकडेही वीज कायदा 2003 ने मुक्त प्रवेश, म्हणजे नेहमीची कंपनी सोडून दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा, दिलाय. हरित ऊर्जेसाठी 2022 च्या नियमांनी तर त्यासाठी लागणाऱ्या किमान मंजूर भाराची मर्यादा 100 किलोवॉटपर्यंत खाली आणली. टू बीएचकेचा मंजूर भार पाच किलोवॉट असेल, तर उरलेल्या 95 ची सोय तेवढी बघायची.

आणि तिकडे लाइट गेले, तर ज्या कंपनीला पैसे भरता तिलाच फोन लावा. ती नम्रपणे ऑनकॉरचा नंबर सांगेल. हा नंबर बिलावरच छापलेला असतो, पण बिल पेपरलेस केलेलं असतं आणि लाइट गेल्यामुळे वायफाय बंद असतं.