हवा नको, टॉवेल मोजा

मालक, अभिनंदन! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुमचं स्वतःचं डाईंग सुरू झालं. बॉयलरपुढे नारळ फुटला, सिद्धरामेश्वराचं नाव घेऊन पहिलं सूत रंगात बुडालं. आता लवकरच कोणीतरी रसायनांच्या मर्यादांचा तक्ता तुमच्या हातात ठेवेल. घाबरायचं कारण नाही. तक्ता नीट वाचायला शिकलात, की तो पाळायची वेळ सहसा येत नाही.

त्यात क्लोरीनसमोर १ लिहिलेलं असेल, सल्फर डायऑक्साइडसमोर २, हायड्रोजन सल्फाइडसमोर १०, अमोनियासमोर २५. हे सगळं पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग. २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. तेव्हा असं समजा, की होटगी रोडपासून बाळ्यापर्यंत अख्ख्या गावात क्लोरीन नावाचा एकच इसम फिरतोय, तर कायद्याची हरकत नाही. तिघे असतील तर पंधरा मिनिटं खपवून घेतील, तेही दिवसातून चारदाच आणि दोन वेळांत किमान तासाभराचं अंतर ठेवून. हे अंतर क्लोरीनला समजावून सांगायची जबाबदारी सुपरवायझरवर टाका. आणि कोणी जास्तच खोलात शिरलं, तर विचारा, "एवढ्या गावात एका माणसाला कोण शोधत बसतो?" मग तक्ता ड्रॉवरमध्ये.

तसा हा तक्ता तुमच्यावर डूख धरून कोणी केलेला नाही. १९८४ ला भोपाळ झालं. १९८७ ला १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४१-एफ आलं आणि मागे दुसरी अनुसूची चिकटली, म्हणजे हाच तक्ता. हजारो माणसं गेल्यावर सरकारने तक्ता छापला. तुमच्याकडे तर अजून कोणी गेलेलं नाही. मग तुम्हालाच कसली घाई?

तक्त्यातली तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे सरासरी. मर्यादा आठ तासांच्या सरासरीवर आहे. चार तास दुप्पट वायू आणि चार तास स्वच्छ हवा, की हिशेब चोख बसला. फुप्फुसाला गणित येत नाही, हा काही तुमचा दोष नव्हे. फक्त एक पथ्य पाळा: सरासरी आठ तासांची आहे आणि आपली पाळी बारा तासांची, हे एका वाक्यात कधी बोलू नका. ब्रीफ आणि स्काला या दोघा तज्ज्ञांनी १९७५ सालीच याचं सूत्र मांडून ठेवलंय. पाळी बारा तासांची झाली की श्वास घ्यायचे तास वाढतात आणि अंगातलं विष बाहेर पडायचे तास सोळावरून बारावर येतात. दोन्ही धरून हिशेब केला की मर्यादा थेट निम्मी होते. क्लोरीनचा एक इसमसुद्धा अर्धाच उरतो. म्हणून हजेरीपत्रकावर पाळी आठच तासांची दाखवा. वरचे चार तास ओव्हरटाइमच्या वहीत लिहा, आणि ती वही घरी ठेवा.

मोजमाप करायची वेळ आलीच, तरी गडबडून जाऊ नका. साधन अगदी छोटं असतं. कमरेच्या पट्ट्याला एक पंप, त्यातून वर आलेली नळी, आणि नळीचं टोक कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर. शास्त्र म्हणतं, जो रसायन हाताळतो त्याच्या नाकाजवळची हवा घ्या. तुम्ही पंप दिवाणजींच्या कमरेला बांधा. ते केबिनमध्ये पंख्याखाली बसतात, दुपारी जेवून डुलकी घेतात, अंगाला अत्तर लावतात. त्यांच्या कॉलरवर आलेला आकडा कुठल्याही परदेशी पाहुण्याला दाखवण्यासारखा असतो. दिवाणजी नाही म्हणाले, तर पंप खिडकीच्या गजाला बांधा. गजालाही श्वास लागत नाही.

एकदा रंगखोलीत मात्र स्वतः जाऊन उभे राहा. सकाळी सातला, म्हणजे बॉयलर तापलेला असतो आणि बाहेर ऊन चढलेलं नसतं. रंगमास्तर हायड्रोसच्या, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटच्या, ड्रमचं झाकण काढतो. त्याआधी तो गमछ्याचं टोक दातांत धरतो आणि तोंड उजवीकडे फिरवतो; हे त्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. पत्र्याच्या मगाने पांढरी भुकटी काट्यावर पडते, जास्त झालेली परत ड्रममध्ये जाते. मग तीच भुकटी कॉस्टिक सोड्याच्या गरम टबात पडते आणि काडेपेटीसारखा जळका वास नाकात चढतो. तो मास्तर एक डोळा मिटूनच टब ढवळतो. त्याच्या नखांच्या रंगावरून आज कोणती ऑर्डर चालू आहे ते ओळखता येतं. भिंतीतल्या कोनाड्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुळाचा खडा असतो.

हा गूळ फार महत्त्वाचा. "गूळ खाल्ला की छातीतली घाण निघून जाते," हे आपल्याकडे गिरणीच्या काळापासून चालत आलंय. गूळ जातो पोटात आणि वायू जातो फुप्फुसात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. पण एक्झॉस्ट फॅन आणि हूड बसवण्यापेक्षा गूळ किती तरी स्वस्त. शिवाय कामगाराला वाटतं, मालक काळजी घेतो. दिवाळीला एक ढेप जास्त द्या.

मास्क मागितलेच तर कापडी द्या. आपण कापडवालेच आहोत. कापड थोडी धूळ अडवतं, वायू त्यातून सरळ आरपार जातो. त्यासाठी सक्रिय कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो आणि ते काडतूस ठरावीक काळाने बदलावंही लागतं. हे कोणाला सांगू नका. तसंही एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला, की रबराचा मास्क कोणी तोंडाला ठेवत नाही. मग फोटो काढायला तुम्ही मोकळे: "मास्क दिले होते, वापरतच नाहीत हो ही माणसं."

हायड्रोजन सल्फाइडबद्दल दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. सल्फर ब्लॅक या काळ्या रंगाच्या पाण्यात ॲसिड गेलं की हा वायू निघतो, आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीतल्या गाळात तो आपोआपही तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास. याची खुबी अशी, की अगदी थोडा असला तर लगेच कळतो आणि शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर करतो. वास येणं बंद होतं. म्हणून गाळ काढायला माणूस टाकीत उतरवताना वरून विचारायचं, "वास येतोय का रे?" तो "येत नाही" म्हणाला, की निर्धास्त व्हा. मात्र त्याला काढायला दुसऱ्याला दोराशिवाय खाली पाठवू नका. नाहीतर दोन कुटुंबांना तोंड द्यावं लागतं.

शेजारी तुमच्या मेव्हण्याचे टॉवेलचे माग आहेत, त्यांच्यासाठीही सल्ला आहे. कापसाच्या धुळीने छाती आवळते, तो बिसिनोसिस. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो कळवण्याच्या रोगांमध्ये होता, २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही आहे, म्हणजे डॉक्टरने कळवणं बंधनकारक. अमेरिकेने १९७८ साली सूतकताईसाठी या धुळीची मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली, विणकामासाठी ०.७५. गिरणीवाले सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८१ ला हरले. तिकडच्या गिरणीवाल्यांना वाटाघाटी जमत नाहीत, असं दिसतं. या रोगाची ओळख अशी, की सुरुवातीला त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होतो आणि पुढे आठवडाभर कमी होत जातो. उपाय तुमच्या लक्षात आला असेलच. सुट्टीच बंद करा. पहिला दिवस राहणार नाही, तर रोग कोणत्या दिवशी होईल? तरीही कोणी खोकत राहिलाच तर डॉक्टरांकडून 'दमा' लिहून घ्या. दमा कोणालाही होतो. दमा कळवावा लागत नाही.

एवढंही नको असेल तर कारखानाच नसण्याची सोय बघा. २०२० च्या नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणवून घ्यायला वीस कामगार लागतात. जुन्या केंद्रीय कायद्यात दहा पुरायचे. तुम्ही एकोणीस ठेवा आणि भिंतीपलीकडे धाकट्या भावाच्या नावावर आणखी एकोणीस. काम जिवावरचं असेल तर एका कामगारालाही कायदा लावायची मुभा सरकारला आहे, पण मुभा आणि सवय यांत फरक असतो.

याहून पुढची पायरी विडीवाल्यांनी केव्हाच गाठलीय. पूर्व भागात नाहीतर कुंभारीच्या विडी घरकुलात कुठल्याही दुपारी बघा: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कापलेलं तेंदूपान, बाजूला पाळणा. तिकडे अमेरिकेत कामाच्या जागी हवेतल्या निकोटीनला घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि शेजारी 'त्वचा' असा शेरा, कारण ते कातडीतूनही शिरतं. इकडे त्या बाईची बोटं दिवसभर तंबाखूतच. पण ती जागा कारखाना नाही, घर आहे. घराच्या हवेला कामाच्या जागेची मर्यादा कशी लावणार? त्याच हवेत पाळण्यातलं पोर झोपलेलं असतं आणि त्याची पाळी चोवीस तासांची, पण त्याचं नाव कुठल्याच हजेरीपत्रकावर नसतं.

एखादा शिकलेला पोरगा उठून म्हणेल, "मर्यादा शास्त्राने ठरवलीय, मालक." त्याला बसवून चहा पाजा आणि मर्यादा कशा ठरतात ते सांगा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने १९४६ मध्ये पहिली यादी काढली. त्यांच्या मर्यादेची कल्पना अशी, की तेवढ्या हवेत 'जवळजवळ सगळे' कामगार आयुष्यभर काम करून ठणठणीत राहतील. जवळजवळ सगळे! उरलेले कोण, हे यादीत नसतं. १९७१ ला अमेरिकन सरकारने त्याच संघटनेचे १९६८ चे आकडे उचलून कायदा केला. १९८९ ला शेकडो आकडे एकदम सुधारायला गेले, ते १९९२ ला कोर्टाने रद्द केले. बेंझिनची मर्यादा १९७८ ला १० पीपीएमवरून १ वर आणली, १९८० ला सुप्रीम कोर्टाने ती उडवली, १९८७ ला परत १. सिलिकाच्या धुळीची तर कमालच. तिकडच्याच सरकारी संशोधन संस्थेने १९७४ ला सांगितलेला आकडा नियमात उतरला २०१६ ला. बेचाळीस वर्षं! आपल्याकडे फाइल अडकते म्हणून उगाच नावं ठेवतात.

शिवाय कॅन्सरच्या बाबतीत तिकडचा हिशेब असा, की पंचेचाळीस वर्षं काम करून हजारात एकाला जादा कॅन्सर होत असेल तर तो धोका लक्षणीय धरायचा. कारखान्याबाहेरच्या जनतेसाठी मात्र दहा लाखात एकाची गोष्ट होते. माणूस तोच. सकाळी गेटच्या आत शिरला की त्याचा भाव हजार पटीने उतरतो, संध्याकाळी बाहेर पडला की पुन्हा चढतो. हे ऐकून पोरगा चहा अर्धवट टाकून जाईल. जाऊ दे.

आता खरा मुद्दा. तुमच्या कारखान्यात मर्यादा पाळायच्या नाहीत, असं मी मुळीच म्हणत नाही. पाळायच्याच, आणि काटेकोर पाळायच्या. टॉवेलच्या.

१८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने दाखवून दिलं, की रंगाच्या कारखान्यातल्या माणसांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो. शतक जवळजवळ सरलं. १९९४ ला जर्मनीने अंगाला लागणाऱ्या कापडात घातक अमाइन, म्हणजे कॅन्सर आणणारी रसायनं, सोडणाऱ्या ॲझो गटातल्या रंगांना मनाई केली आणि १९९७ ला भारत सरकारने सत्तर ॲझो रंगांवर बंदी घातली. म्हणजे कामगाराचं मूत्राशय शंभर वर्षं वाट बघत होतं, पण जर्मन गिऱ्हाइकाच्या पाठीचा प्रश्न आला आणि तीन वर्षांत निकाल लागला. आता युरोपात कापडात अशा अमाइनची मर्यादा किलोला तीस मिलिग्रॅम आहे. लॉटमधून तुकडा कापायचा, पिशवीत सील करायचा, लॅबला पाठवायचा. रिपोर्ट आल्याशिवाय कंटेनर हलत नाही. त्या टॉवेलने तिकडचा माणूस दिवसातून दोन मिनिटं अंग पुसणार, म्हणून एवढं सगळं. आपला मास्तर त्याच रंगात बारा तास कोपरापर्यंत बुडालेला असतो; त्याचा तुकडा कोणी कापून लॅबला पाठवत नाही.

तेव्हा खर्च करायचा तो टॉवेलवर करा. पॅकिंगला एसी लावा. मोडकी सुई राहू नये म्हणून मेटल डिटेक्टर घ्या. खरेदीदाराचा माणूस तपासणीला आला, की त्याला आधी तिथेच न्या, मग शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊ घाला. रंगखोलीपर्यंत पोचायला त्याला वेळच उरता कामा नये.

आणि रंगमास्तरने एखाद दिवशी गमछा दातातून सोडून "मालक, माझ्या नाकापुढची हवा एकदा मोजा की," असं म्हटलंच, तर त्याचं मन मोडू नका. त्याच्या खांद्यावरचा तोच गमछा घ्या, सील करा आणि लॅबला पाठवून द्या. तीस मिलिग्रॅमच्या आत बसेल, कारण तो आपल्याच एक्स्पोर्टच्या उरलेल्या लॉटमधला आहे. रिपोर्टची झेरॉक्स काढून रंगखोलीत, गुळाच्या कोनाड्याच्या वर लावा. ओरिजिनल खरेदीदाराच्या फाइलला.