प्रिंट भंगारात काढू नका

थिएटरं डिजिटल झाली याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पंचवीस-तीस किलोची प्रिंट, म्हणजे सिनेमाची फिल्मच्या रिळांवरची प्रत, गावोगाव फिरवा, तिच्यावर ओरखडे पडताना बघत बसा, यातून सुटका झाली हे बरंच झालं. कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांना तर हा मोठाच आधार आहे. पण नवं आलं म्हणून जुनं मोडीत काढायची एवढी घाई कशाला?

२००५ साली डिजिटल सिनेमाचे तांत्रिक निकष ठरले. २००९ नंतर थ्रीडीच्या लाटेत प्रोजेक्टर धडाधड बदलले. २०१३ पर्यंत फुजीफिल्मने सिनेमाच्या चित्रीकरणाची आणि प्रिंटची फिल्म बनवणं थांबवलं. थिएटरांतून फिल्म दाखवणारी जुनी मशीनं निघाली आणि त्यांच्याबरोबर ती चालवणारे हातही गेले. दोन मशीनवर सिनेमा दाखवायचा तर रीळ साधारण वीस मिनिटांत संपायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमकायचा. ऑपरेटर लगेच दुसरं मशीन सुरू करायचा, आणि सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र तिकडे वळवायचा. प्रेक्षकाला पत्ता लागायचा नाही. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी उभं राहून शिकावं लागतं.

फिल्म अमर असते असं मी म्हणत नाही. जुनी अ‍ॅसिटेटची फिल्म दमट हवेत सडते, तिला व्हिनेगरचा वास येतो. पण थंड, कोरड्या खोलीत ठेवलेली पॉलिएस्टरची फिल्म पिढ्यानपिढ्या टिकते, आणि उजेडासमोर धरली की चित्र नुसत्या डोळ्यांना दिसतं. डिजिटल फाइलला मशीन लागतं, सॉफ्टवेअर लागतं, थिएटरच्या कॉपीला तर ठरावीक मुदतीची डिजिटल किल्लीही लागते, तिच्याशिवाय फाइल उघडत नाही. शिवाय दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवत राहायचं. ऑस्करवाल्या अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता. डिजिटल मास्टर, म्हणजे सिनेमाची मूळ डिजिटल प्रत, सांभाळायचा वार्षिक खर्च फिल्मच्या सुमारे ११ पट निघाला! जे सिनेमे कधी स्कॅनच झाले नाहीत, त्यांची तर ती जुनी प्रिंट हीच शेवटची प्रत असू शकते.

म्हणून वितरकांना कळकळीची विनंती. गोदाम रिकामं करण्याआधी एकदा फिल्म संग्रहालयाला विचारा. आणि ज्या थिएटरात ३५ एमएम रुंदीची फिल्म दाखवणारं मशीन अजून उभं आहे, त्यांनी ते विकू नये. तेलपाणी करून चालतं ठेवावं आणि जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली एखादं शिकाऊ पोरगं आत्ताच लावावं.