‘काहीच वाटत नाही का?’ असं विचारणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. आज सकाळी पुन्हा वाचली. राग सगळा गेलाय असं म्हणणार नाही, पण आता निदान नीट लिहिता येईल.

बाकीच्या वाचकांना संदर्भ देते. ‘बिल अँड टेड फेस द म्युझिक’ या सिनेमाचा ट्रेलर ९ जून २०२० ला आला, त्यावर मी तेव्हाच लिहिलं होतं. पहिला भाग १९८९ चा. टेलिफोन बूथमध्ये बसून काळात मागेपुढे फिरणारी दोन गिटारवेडी पोरं, कियानू रीव्हज आणि अॅलेक्स विंटर. आता दोघंही पन्नाशीच्या पुढे गेलेत आणि जगाला वाचवणारं गाणं अजून त्यांच्याकडून झालेलं नाही. त्यावर या वाचकांनी लिहिलं, की ट्रेलर म्हणजे जाहिरात, ती बघून सिनेमाचं कौतुक करणं उतावळेपणा आहे. काळात मागे जाणं शक्य नसताना विज्ञान शिक्षिकेनं असल्या गोष्टींना डोक्यावर घेऊ नये. दुसऱ्या भागाचं सालही चुकलंय. आणि शेवटी हे वाक्य: ‘ताई, सीमाभागात राहून मराठीत लिहायचं भाग्य मिळालंय, ते परदेशी टवाळ पिक्चरच्या जाहिरातीवर वाया घालवताना तुम्हाला काहीच वाटत नाही का?’

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगते. दुसऱ्या भागाचं साल मी १९९२ लिहिलं होतं, ते १९९१ पाहिजे. दुरुस्त केलंय. आभार. पण तेवढं सांगून तुम्ही थांबला नाहीत. ‘विज्ञानाच्या बाईंना वजाबाकी येत असेल अशी अपेक्षा होती,’ असं पुढं जोडलंत. वजाबाकी चुकली नव्हती, साल चुकलं होतं. चूक दाखवणं वेगळं आणि चुकीवर बोट ठेवून माणसाला खाली बसवणं वेगळं. चोवीस वर्षांत मी एकाही पोराला वर्गात असं बोललेले नाही.

आणि ‘ताई’. तुम्ही निपाणीचे आहात असं तुमच्या लिहिण्यावरून कळतं, म्हणजे आपल्याकडची रीत तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडं कुणाला ताई म्हटलं, की पुढचं वाक्य आपोआप हळू येतं. भांडण असलं तरी ‘असू दे की ओ ताई’ असंच येतं. तुम्ही तो शब्द पुढे ठेवलात आणि त्याच्या मागून जे म्हणायचं ते म्हणून घेतलंत. ते मला जास्त लागलं.

आता तुमच्या त्या वाक्याकडं येते. काहीच वाटत नाही का?

१९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माझे वडील अकरा दिवस तुरुंगात होते. मी तेव्हा आठवीत होते. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात आई रोज दुपारी दाराशी बसून राहायची, जेवण झाकून ठेवलेलं असायचं. वडील घरी आले ते दाढी वाढलेले, आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं काय, तर माझ्या विज्ञानाच्या परीक्षेचं काय झालं. हे मी आजवर इथं कधी लिहिलं नाही, कारण ते दाखवून मान मिळवायचा नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सीमाभाग म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नाही.

गेली चोवीस वर्षं मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. पटसंख्येचं काय चाललंय ते रोज हजेरी घेताना दिसतं. २०२० च्या जूनमध्ये करोनामुळं शाळा बंद होती, पण २५ तारखेपासून दहावीची परीक्षा होती. मास्क, अंतर, वर्गखोल्यांची मांडणी, याच धावपळीत मी होते. रात्री गच्चीवर जाऊन रेंज मिळाली तेव्हा तो ट्रेलर बघितला. त्याच रात्री लिहिलं, कारण खूप दिवसांनी काहीतरी बघून मोकळं हसू आलं होतं.

तुम्ही ज्याला टवाळ म्हणता त्यातलं एक उदाहरण सांगते. पहिल्या भागात या दोघांना किल्ल्या पाहिजे असतात आणि त्या हाताशी नसतात. मग ते ठरवतात, की आपलं काम झाल्यावर आपण काळात मागे जायचं, किल्ल्या उचलायच्या आणि इथल्या या पाटीमागे आणून ठेवायच्या. असं ठरवून पाटीमागे बघतात, तर किल्ल्या तिथंच! दोन वर्षांमागं नववीच्या वर्गात तासाला दहा मिनिटं उरली होती म्हणून मी ही गोष्ट सांगितली. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. कणकुंबीकडून येणारा एक मुलगा, वर्षभर ज्याचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता, तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘पण बाई, नंतर ते किल्ल्या ठेवायला विसरले तर?’ मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘विसरतीलच कसे, किल्ल्या मिळाल्या म्हणजे ठेवल्याच.’ दुसरी म्हणाली, ‘मग त्यांना काही वेगळं करायची मुभाच उरली नाही की.’ कार्यकारणभाव हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा पोरं त्यावरून भांडली. मराठीत भांडली. पुस्तकातल्या मराठीत नव्हे, त्यांच्या स्वतःच्या मराठीत.

हे भाग्य वाया घालवणं असेल तर मला ते मान्य नाही, अजिबात नाही. आपली भाषा फक्त निवेदनात आणि निषेधाच्या फलकावर राहिली, तर पोरं हसायला, कोडी सोडवायला, भविष्याची स्वप्नं बघायला दुसरीकडं जातील. जातातच आहेत. त्यांना तिथून परत बोलवायला मी मोर्चाची हाक दिली तर ती येणार नाहीत. किल्ल्यांची गोष्ट सांगितली तर येतात, हे मी बघितलंय.

आणि हे काही मी नवीन करत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं आलेल्या कथेला बक्षीस मिळालं. ते होते जयंत नारळीकर, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे. जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. जगभर ज्यांचं खगोलशास्त्र वाचलं जातं त्यांना मराठीत विज्ञानकथा लिहिण्यात वेळ वाया जातोय असं वाटलं नाही.

‘परदेशी’ म्हणालात, त्याबद्दलही. बेळगावात कॅम्पातल्या ग्लोब टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागायचे तेव्हा खिडकीपाशी कोण उभं असायचं? आपलीच माणसं. बाहेर आल्यावर चहा पिताना सगळी गोष्ट मराठीत सांगायची, न कळलेलं जुळवून सांगायची. माझा भाऊ असा सिनेमा सांगायचा की आईलाही बघितल्यासारखं व्हायचं. या दोघांचा पहिला भाग आम्ही भाड्याच्या कॅसेटवर बघितला, निम्मे संवाद कळले नाहीत, आणि तरी आठवडाभर तेवढंच बोलत होतो. भाऊ आता पुण्यात आहे. ट्रेलर बघितल्यावर पहिला फोन त्याला केला.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलत नाही. ट्रेलर ही जाहिरात असते, हे मलाही कळतं. मी ट्रेलरवर लिहिलं, सिनेमावर नाही. काळप्रवास शक्य आहे असंही मी कुठं म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. या सिनेमाचे दिग्दर्शक डीन पॅरिसॉट यांनी १९९९ साली ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ हा विनोदी विज्ञानपट केला होता, म्हणून मला आशा वाटली. तेवढंच.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी मुद्दा लिहा. माझ्या निष्ठेची मोजमापं घेऊ नका, तो अधिकार मी कुणाला दिलेला नाही.

आणि ट्रेलरमधली जी गंमत मी लिहिली होती, तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षरही काढलं नाहीत. गाणं सुचत नाही म्हणून हे दोघं भविष्यात जातात, तिथं ते आधीच लिहून झालेलं असेल, ते स्वतःकडूनच घेऊन यायचं. हेच आपल्याकडचं करून सांगते. समजा, मला कुंदा, आपली ती बेळगावची दुधाची मिठाई, जमत नाही. मी वीस वर्षं पुढं गेले, म्हाताऱ्या माझ्याच हातची वही घेतली, कृती उतरवून घेतली, परत आले आणि घरच्या कोऱ्या वहीत लिहिली. वीस वर्षांनी तीच वही मी बघणार आहे. दूध किती आटवायचं, साखर कधी घालायची, हे मग ठरवलं कुणी? नववीच्या पोरांना हे मी विचारणार आहे. तुम्हाला उत्तर सुचलं तर त्याआधी लिहा.